आधी मूठ, मग पाच बोटं

लहान मुलाच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकणं काय चीज आहे, ते ज्याने टाकलाय त्यालाच ठाऊक. पोरगं लाथा झाडतं, आजी "राहू द्या मेलं ते औषध, लेकरू निळं पडलं" म्हणत मध्ये पडते, बाप मोबाईलवर "देख बेटा, हाथी" करत बसतो आणि थेंब जातो कानात. इंदूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं हे काम केलं. कागदावर माझी नोकरी डोळे तपासण्याची. तक्ता वाचून घ्यायचा, नंबर काढायचा, पोरांना मशीनसमोर बसवायचं. पण आईबापांना थेंब टाकायला शिकवणं ही कटकट कुणालाच नको असायची. ती माझ्या गळ्यात पडली आणि मी ती इतक्या हौसेने मिरवली की माझं नावच थेंबमावशी पडलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून भर बाजारात एखादा दाढीवाला घोडा "थेंबमावशी!" करून हाक मारतो आणि बरोबरची त्याची बायको माझ्याकडे संशयाने बघते.

माझी खास पोरं होती ती डोळ्याच्या आत सूज येणारी. डोळे आलेली नव्हेत. डोळे आले की ते लाल होतात, चिकटतात, सगळं घर घाबरतं आणि आठवड्यात प्रकरण निकाली निघतं. हा आजार त्याच्या एकदम उलटा. शरीर स्वतःच्याच डोळ्याशी भांडण काढतं. पुष्कळदा अशा पोरांचे गुडघे नाहीतर घोटेही सुजलेले असतात. पण डोळा पांढराशुभ्र, दुखत नाही, खुपत नाही, पोरगं मजेत खेळतंय. मशीनमधून उजेडाची बारीक तिरीप आत सोडली तर मात्र दिसतं, बंद खोलीत उन्हाच्या कवडशात धूळ उडते ना, तसे बारीक कण डोळ्यातल्या पाण्यात फिरत असतात. तीच सूज. ती तशीच राहू दिली तर बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो. आणि हे सगळं पोराने एकदाही "दुखतंय" न म्हणता.

म्हणून या पोरांना दर तीन महिन्यांनी बोलवायचं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पार मोठी होईपर्यंत. इथेच खरी गंमत सुरू होते. माणूस दुखणाऱ्या गोष्टीसाठी शंभर कोस जाईल, पण न दुखणाऱ्या डोळ्यासाठी शाळा बुडवून, दुकान बंद करून किती वर्षं येणार? "मैडम, आँख तो एकदम साफ है, फिर काहे की दवाई?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही त्याचं उत्तर देईन.

महूच्या लष्करी छावणीतले एक सुभेदार होते, त्यांना कधी असं विचारावंसं वाटलं नाही. हुकूम म्हणजे हुकूम. थेंबाची वेळ झाली की घरात शिटी वाजायची, पोरगा पळत येऊन खाटेवर सावधानमध्ये आडवा व्हायचा. त्यांची बदली झाली तरी तिकडच्या तपासणीचा अहवाल ते मला फोनवरून द्यायचे, "सब ठीक, मैडम," आणि खटकन फोन ठेवायचे. त्या पोराचे दोन्ही डोळे आज ठणठणीत आहेत. याउलट एक कापडवाल्यांचा लाडका मुलगा. डोळा साफ दिसतोय म्हणून घरच्यांनी थेंब बंद केले. मी फोन करकरून थकले, शेवटी त्यांनी माझा फोनच उचलणं सोडलं. दोन वर्षांनी आले ते पोराला फळ्यावरचं दिसेना म्हणून. मशीनमध्ये बघून मी उठले आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले. आतल्या आत सगळं चिकटून बसलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण त्यात माझा दोष नव्हता. जिथे होता, ते आता सांगते.

माझी शिकवण्याची एक पद्धत होती आणि मला तिचा भारी अभिमान. इंदूरच्या लालबागच्या मेळ्यातून मी टपोऱ्या डोळ्यांची एक बाहुली आणली होती आणि एका रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरून ठेवलं होतं. आईला समोर बसवायचं आणि धडा पाच बोटांवर मोजून घ्यायचा. अंगठा, हात धुवा. दुसरं बोट, पोराला आडवं करून छत बघायला लावा. तिसरं, खालची पापणी ओढून खिसा करा. चौथं, खिशात एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता. करंगळी, डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून पाच मिनिटं. या पाच मिनिटांत रडायचं नाही, रडलं तर औषध वाहून जातं. यासाठी मी पोरांना गोष्टी सांगायचे, कोडी घालायचे, हॉस्पिटलसमोरच्या पोह्यांचं आमिष दाखवायचे. अडाणी आई असो की कॉलेजातली प्रोफेसर, पाच बोटांचा धडा कुणी विसरत नसे. बाहेरगावचे डॉक्टरसुद्धा बघायला यायचे. मी अशी फुगायचे की विचारू नका.

अशाच एका सकाळी इंदूरजवळच्या सांवेरहून रेखाताई आल्या. मराठीच, पण तीन पिढ्यांपासून सांवेरच्या, नवऱ्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. बरोबर सहा वर्षांची पूर्वा, गुडघा सुजलेला, एक पाय ओढत चालणारी आणि तोंडाने अखंड बडबड करणारी. तिच्या डाव्या डोळ्यात धूळच धूळ. आमच्या डॉक्टर सरांनी स्टेरॉईडचे थेंब लिहून दिले, दर दोन तासांनी. मी रेखाताईंना बाहुली दिली, पाच बोटं मोजून घेतली. पहिल्याच फेरीत त्यांनी सगळं बरोबर केलं. मी म्हटलं, "वा! तुम्ही तर माझी नोकरी घालवाल."

दोन आठवड्यांनी आल्या, सूज तशीच. महिन्याने आल्या, तशीच. दीड महिन्याने तर पडदा एका जागी भिंगाला चिकटायला लागलेला दिसला. सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "निर्मलाताई, हे घरी थेंब टाकत नाहीयेत. टाकले असते तर एवढ्यात फरक पडायला हवा."

मी तरातरा बाहेर आले आणि गच्च भरलेल्या हॉलमध्ये रेखाताईंना झाडलं. "लेकराच्या डोळ्याशी खेळताय तुम्ही! टाकायचे नसतील तर तसं सांगा, उगाच आमचा वेळ कशाला घालवता?" त्या रडवेल्या होऊन शपथा घ्यायला लागल्या. "मॅडम, गजर लावून टाकते हो. शाळेत जाऊनसुद्धा टाकून येते." मी म्हटलं, "ठीक आहे. पुढच्या वेळी बाटली घेऊन या आणि माझ्या डोळ्यांसमोर टाका."

आठवड्याने त्या आल्या. पूर्वाला बाकावर आडवं केलं. हात धुतले, छत, खिसा, एकच थेंब, करंगळी. माझ्यापेक्षा सुंदर. पोरगीसुद्धा न रडता छताकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजत होती. मला काही कळेना. मी सहज ती बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. वर स्वच्छ पाणी. तळाशी पांढरा थर.

मी बाटली तशीच उजेडात धरून राहिले.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्याची बारीक भुकटी पाण्यात नुसती तरंगत असते आणि बाटली ठेवली की खाली बसते. ताकासारखंच. म्हणून दर वेळी बाटली चांगली खळाखळा हलवायची असते. नाही हलवली तर पोराच्या डोळ्यात जवळजवळ पाणीच जातं. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. आणि मी वर्षानुवर्षं धडा द्यायचे तो साध्या पाण्याच्या बाटलीने. पाणी कशाला हलवायचं? बहुतेक आया कंपाउंडरचं ऐकून किंवा आपल्या अकलेने हलवत असणार. पण रेखाताई फार गुणी विद्यार्थिनी. मी जे केलं तेच आणि तेवढंच त्यांनी केलं. त्या पाच बोटांत हलवण्याला बोटच नव्हतं.

तेवढ्यात सर आत आले, बाटली बघितली आणि त्यांच्याही लक्षात आलं. "अरे, हलवत नव्हत्या का या? सांगितलं नव्हतं का?"

आणि मी म्हटलं, "सांगितलं होतं, सर."

कसं बोलले, का बोलले, देवाला ठाऊक. इज्जत, दुसरं काय! मोठी थेंबमावशी ना मी! रेखाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सांगितलं असणार मॅडमनी. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल." सर त्यांना रागावले नाहीत, उलट धीर दिला. मी बाहुलीचा फ्रॉक सारखा करत उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझा धडा बदलला. आधी मूठ. मूठ वळून दहा वेळा हलवायची, मगच अंगठा उघडायचा. कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "नवीन पद्धत आहे." कुठून आली, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

पूर्वा पुढे पंधरा वर्षं येत राहिली. हलवलेल्या थेंबांनी सूज उतरली, पण असला आजार एका थेंबावर थोडाच भागतो? आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आली, मग इंजेक्शनं आली. गुडघा असा सुधारला की ती शाळेच्या स्पर्धेत खो-खो खेळली. दहावीत डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज उजवा डोळा तक्त्याची शेवटची ओळ वाचतो, डावा वरच्या चार ओळींवर थांबतो. डाव्याचं हे नुकसान त्या दोन महिन्यांमुळे झालं की आजारामुळे, ते कुणीच सांगू शकत नाही, असं सर म्हणतात. बाटल्या हलवणाऱ्यांच्या पोरांचेही डोळे असे होतात. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. त्याने बरं वाटत नाही.

पूर्वा आता इंदूरलाच असते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. साड्यांच्या एका मोठ्या दुकानासाठी ऑनलाईनचे फोटो काढते. मी एकदा विचारलं, "अगं, एका डोळ्याने जमतं का?" तर म्हणते, "मावशी, फोटो काढायला एकच डोळा लागतो. दुसरा असाही मिटायचाच असतो."

या उन्हाळ्यात माझ्याच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आले तर हातात तीच बाटली, तेच पांढरं औषध. आमच्या ह्यांनी पहिला थेंब माझ्या नाकावर टाकला, दुसरा उशीवर, आणि तिसऱ्याच्या वेळी माझीच मान चुकली म्हणून वाद घातला. पूर्वाला कळलं तशी ती धावत आली. "काका, तुम्ही चहा करा. हे माझं डिपार्टमेंट आहे." मग मला आडवं केलं आणि बाटली कानाशी धरून खळाखळा हलवायला लागली, मोठ्याने मोजत. दहापर्यंत.

"माझ्या आईने वीसपर्यंत मोजलं असतं," ती हसत म्हणाली. "आमच्याकडे ती सगळंच हलवते. खोकल्याचं औषध, गुलाबजल, शरबत. पप्पा म्हणतात, हिला पाण्याची बाटली दिली तरी आधी हलवेल, मग पिईल."

मी विचारलं, "का गं?" माहीत असून विचारलं.

"तुम्हाला नाही माहीत? माझा डोळा तिच्यामुळे गेला असं तिला वाटतं. अजूनपण. मी चष्मा पुसायला काढला की तिचा चेहरा बघा."

मी उठून बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाण्याची बाटली, पाच बोटं, "सांगितलं होतं, सर". ह्यांच्या हातात चहाचा ट्रे तसाच. पूर्वाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे मला काय सांगता, मावशी? आईला सांगा." चहा न घेता गेली.

मला वाटलं, आता ही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. हलवली, खिसा केला, थेंब टाकला, आणि जाताना एवढंच विचारलं, "सांगितलं?" मी म्हटलं, "नाही गं." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी म्हणाली, "रविवारी मी सांवेरला जातेय. स्कूटीची मागची सीट खाली आहे."

"ऑपरेशनच्या डोळ्याने स्कूटीवर? धूळ गेली म्हणजे? यासाठी मी जन्मभर लोकांना ओरडलेय!"

"मग बसने चला," ती म्हणाली. पक्की आहे पोरगी.

तर मी काळा गॉगल लावून, पिशवीत बाटली घेऊन, पूर्वाबरोबर सांवेरच्या बसमध्ये बसले. कंडक्टर मला वाट देत म्हणाला, "आओ माताजी, संभल के." वाटेत दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं. पूर्वा कानात गाणी लावून बसली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं.

रेखाताईंनी दारातच माझे हात धरले. "मॅडम! तुम्ही आमच्या घरी! अगं पूर्वा, आधी फोन तर करायचा!" पाणी आणलं, पंखा वाढवला, नवऱ्याला दुकानातून गरम कचोऱ्या आणायला फोन केला. थोडं थांबले असते तर कचोरी घशाखाली गेली नसती, म्हणून मी उभ्या उभ्याच सांगितलं. "रेखाताई, बाटली हलवायचं मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती. त्या दिवशी मी सरांसमोर खोटं बोलले."

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही आज सांगून राहिल्या?"

"हो."

"पंधरा वर्षांनी."

"हो."

"सगळ्या हॉलसमोर ओरडल्या होत्या माझ्यावर. तेव्हा आवाज कसा खणखणीत होता! आणि हे सांगायला पंधरा वर्षं लागली?" आता त्यांचा आवाज चढला. "हिच्या चष्म्याकडे बघितलं की मी माझे हात बघते. सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, आईच्या हाताने पोरीचा डोळा गेला. मी ऐकून घेतलं. मला खरं वाटायचं हो ते! तुम्ही सांगितलं असणार, मीच विसरले असणार, असं रोज स्वतःला सांगून मी माझीच आठवण खोटी पाडली."

मी म्हटलं, "तुम्ही काहीच विसरला नव्हता. मी इतक्या जणींना शिकवलं, तुमच्याइतकं बरोबर कुणी केलं नाही." दुसरं काय म्हणणार? माफी मागितली, तीही फार लहान वाटली. पूर्वा दाराला टेकून उभी होती. तिने आईलाही थांबवलं नाही आणि मलाही वाचवलं नाही.

तेवढ्यात माझ्या मोबाईलचा गजर वाजला. थेंबाची वेळ. पूर्वा पुढे झाली, पण रेखाताईंनी माझ्या पिशवीतून बाटली स्वतः काढली. "झोपा," त्या म्हणाल्या. अजून रागातच होत्या.

मी दिवाणावर आडवी झाले. त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले. मग माझ्या डोक्याशी उभ्या राहून बाटली हलवायला लागल्या. दहा झाले, अकरा झाले. मी म्हटलं, "दहा पुरे होतात, ताई."

"चूप बसा, मॅडम. या घरात वीस."

वीस झाले. "छत बघा." खिसा. एकच थेंब, अगदी जागेवर. मी डोळा मिटला आणि त्यांनी नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरला. हात गार होता आणि जराही कापत नव्हता. हाच तो हात, ज्याला त्यांनी पंधरा वर्षं गुन्हेगार ठरवलं होतं, असं मनात आलं आणि माझ्या मिटल्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. त्यांच्या बोटाला ते कळलं असावं.

"रडायचं नाही," रेखाताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता धड नव्हता. "पाच मिनिटं अजिबात रडायचं नाही. औषध वाहून जातं. तुम्हीच शिकवलंय."

हे मात्र मी खरंच शिकवलं होतं. आणि बरोबर शिकवलं होतं.